सर्व्हरवरचं जुनं सॉफ्टवेअर काढताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत पेढीचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर मी नुकतंच सर्व्हरवरून काढलं. पेढीनं नवं ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं, काही महिने दोन्ही शेजारी शेजारी चालवून ताळा बघितला आणि मग शेठनी निरोप दिला, “मॅडम, आता जुनं काढून टाका, मशीन स्कॅनिंगच्या फायली ठेवायला वापरू.” त्या कामाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. सर्व्हर बसवायचा कसा हे सांगणारे आता मराठीतही बरेच आहेत, पण तो काढायचा कसा हे कुणी नीट सांगत नाही. माझ्याकडे शिकायला येणारी हुशार मुलंसुद्धा एपीटी रिमूव्ह (सॉफ्टवेअर काढायची कमांड) मारतात आणि “झालं मॅडम” म्हणतात. कमांड मी इथं फोनवर मुलांना सांगते तशाच लिहिते आहे.

मशीन उबुंटू २२.०४चं, म्हणजे लिनक्सचं. सगळं पुसून नव्यानं उबुंटू टाकलं असतं तर माझे कष्ट वाचले असते. पण त्याच मशीनवर ऑफिसचा सांबा शेअर (सगळ्यांनी वापरायचं सामायिक फोल्डर) आहे, हमालांच्या हजेरीचा अंगठ्याचा प्रोग्रॅम आहे, आणि हळदीच्या हंगामात ते बंद ठेवायला पेढी तयार नव्हती. आणि डिस्क पुसायची म्हटली तरी जुन्या डेटाचं काय करायचं हे आधी ठरवावंच लागतं.

पॅकेज (बांधून तयार आलेलं सॉफ्टवेअर) बसवलं की त्यातून कुठल्या फायली आल्या याची यादी मशीन ठेवतं. उबुंटूवर ती /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फोमध्ये असते. डीपीकेजी म्हणजे पॅकेजांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. डीपीकेजी डॅश कॅपिटल एल आणि पुढं पॅकेजचं नाव दिलं की यादी दिसते, आणि समोर पडलेली फाइल कुणाची हे विचारायचं असेल तर डीपीकेजी डॅश कॅपिटल एस. काढताना मशीन मुख्यतः या यादीनं चालतं. डेटाबेसच्या फायली, लॉग, अपलोड केलेले कागद या यादीत नसतात, कारण ते पॅकेजनं आणलेले नाहीत, सॉफ्टवेअर चालू असताना माणसांच्या कामातून ते साठले. म्हणून ते मागे राहतात, आणि तेच बरोबर आहे. पेढीच्या पावत्या फेकायचा अधिकार पॅकेज मॅनेजरला कुणी दिलेला नाही. माझ्याकडेही तो आपोआप येत नाही.

पेढीच्या दिवाणजींना हे समजावत होते तर ते म्हणाले, “म्हणजे हरिपूरच्या पेवासारखं झालं की ताई. पेव एकाचं, आतली हळद दुसऱ्याची. पेव बुजवायचं तर आधी हळदवाल्याला बोलवायला लागतंय.” हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी पद्धत. २००५च्या पुरात पेवांत पाणी गेलं तो काळ त्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळं कुणाचा माल कुठल्या पेवात हे लिहून ठेवण्याची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. तेव्हापासून आमचं काम सोपं झालं. प्रत्येक फोल्डर दाखवलं की ते विचारायचे, “हे पेव का हळद?”

पहिलं काम यादीचं, आणि ते सर्व्हर चालू असतानाच करायचं. बंद केल्यावर अर्ध्या खुणा जातात. एसएस डॅश टीएलएनपी मारलं की कुठल्या पोर्टवर (नेटवर्कच्या नंबरी दारावर) कोण बसलंय ते दिसतं. इथं ८० आणि ४४३वर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, ८०८०वर बिलिंगचा जावा प्रोग्रॅम चालवणारा टॉमकॅट, ३३०६वर मायएसक्यूएल हा डेटाबेस, आणि कुणालाच ठाऊक नसलेला दुसरा डेटाबेस, ५४३२वर पोस्टग्रेस. ते कुणीतरी करून बघायला टाकलेलं असावं, आत एकही टेबल नव्हतं.

टॉमकॅट दोन निघाले. एक एपीटीनं आलेला, बंद करून ठेवलेला. दुसरा /ऑप्टमध्ये नुसता उघडून ठेवलेला, आणि खरा कारभार त्याच्यावर. /ऑप्टमधल्याची नोंद डीपीकेजीच्या यादीत नसते, त्यामुळं एपीटीला तो दिसतच नाही. सोर्समधून बांधून /यूएसआर/लोकलमध्ये टाकलेल्या गोष्टींचंही तसंच. सोर्सचं फोल्डर कुणी जपलं असेल आणि बनवणाऱ्यानं सोय ठेवली असेल तर मेक अनइन्स्टॉल चालतं, नाहीतर एकेक फाइल हातानं शोधा.

याच टप्प्यावर चालू मायएसक्यूएललाच विचारून घ्यायचं की तुझा डेटा कुठं आहे. सिलेक्ट ॲट ॲट डेटाडिर. सगळे /व्हार/लिब/मायएसक्यूएल गृहीत धरतात. इथं उत्तर आलं दुसऱ्या डिस्कवरचं, /डेटा/मायएसक्यूएल. आधीच्या माणसानं जागा कमी पडली म्हणून हलवलं असणार, आणि त्यात गैर काही नाही. पण पर्ज करताना, म्हणजे सेटिंगसकट पूर्ण काढताना, पॅकेजची स्क्रिप्ट /व्हार/लिब/मायएसक्यूएल बघते. म्हणजे ‘डेटाबेस काढू का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं असतं तरी शेतकऱ्यांची सगळी माहिती दुसऱ्या डिस्कवर तशीच पडून राहिली असती आणि सगळ्यांना वाटलं असतं की ती गेली.

क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. रूटचा (मशीनच्या मुख्य यूजरचा) बघायचाच, पण प्रत्येक यूजरचाही बघायचा, शिवाय /ईटीसी/क्रॉन.डी आणि सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स. रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनटॅबमध्ये होती आणि तिच्यात मायएसक्यूएलचा पासवर्ड उघडा लिहिलेला.

यादी झाल्यावर लगेच काढायचं नाही. सर्व्हिस थांबवायची, डिसेबल करायची आणि ठेवून द्यायची. निदान एक महिनाअखेर जाऊ द्यायची, कारण पेढीची बरीचशी कामं महिनाअखेरीलाच जागी होतात. इथं तेच झालं. बाजार समितीच्या सेसचं पत्रक दिवाणजी एका एक्सेलमध्ये करायचे आणि ते एक्सेल ओडीबीसी नावाच्या जोडणीमधून थेट या मायएसक्यूएलमधले आकडे उचलायचं. महिन्यातून एकदाच उघडणारी शीट, पोर्टच्या यादीत ती कशी दिसणार? दिवाणजींचा फोन आला, “ताई, शीट आकडेच दावंना झालीया.” सर्व्हिस चालू केली, पत्रक निघालं, आणि पुढच्या महिन्यापासून तेच आकडे नव्या सॉफ्टवेअरमधून काढून द्यायची सोय केली. मशीनवरच्या गोष्टी कमांडनं सापडतात. माणसांच्या सवयी सापडायला वेळच जाऊ द्यावा लागतो, आणि त्यासाठी बंद ठेवण्याचा हा काळ मी कधीच सोडत नाही, कितीही घाई असली तरी.

बॅकअपबद्दल थोडं. मायएसक्यूएलडंप (सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवणारी कमांड) नुसता मारला तर ट्रिगर येतात, पण स्टोअर्ड प्रोसिजर आणि इव्हेंट, म्हणजे डेटाबेसच्या आतच लिहून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम, येत नाहीत, ते डॅश डॅश रूटीन्स आणि डॅश डॅश इव्हेंट्स लिहून मागावे लागतात. या सॉफ्टवेअरमध्ये अडत आणि हमाली काढायचा हिशोब प्रोसिजरमध्येच होता, म्हणजे त्या नसत्या तर पुढं कुणी पावती उघडून ‘ही रक्कम आली कशी’ विचारलं असतं तर उत्तर मिळालं नसतं. डंप घेऊन झाला म्हणजे बॅकअप झाला असं मी मानत नाही. तो दुसऱ्या मशीनवर चढवून बघायचा. माझ्या लॅपटॉपवर चढवला, दिवाणजींनी कपाटातून बांधीव रजिस्टर काढलं, बोट ठेवेल ती पावती मी स्क्रीनवर काढून दाखवली. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर. जुळत गेलं तसं त्यांचं समाधान झालं. माझंही तेव्हाच झालं.

आता टॉमकॅट. यात एक मोठा धोका आहे आणि तो फार जणांना माहीत नाही. बिलिंगच्या प्रोग्रॅमनं शेतकऱ्यांच्या बँक पासबुकाचे आणि आधारचे स्कॅन वेबॲप्सच्या (टॉमकॅट प्रोग्रॅम जिथं ठेवतो त्या फोल्डरच्या) आतच, अपलोड नावाच्या फोल्डरमध्ये साठवले होते. टॉमकॅट चालू असताना कुणी ‘आता हे नको’ म्हणून फक्त वॉर फाइल (प्रोग्रॅमचं मूळ गाठोडं) पुसली, तर ऑटोडिप्लॉय, म्हणजे फाइल बघून प्रोग्रॅम आपोआप चढवणं-उतरवणं, चालू असल्यावर (आणि तो मुळात चालूच असतो) टॉमकॅट ते ॲप्लिकेशन उतरवतो आणि त्याचं उघडलेलं फोल्डरही पुसून टाकतो. आतल्या अपलोडसकट. मॅनेजरच्या पानावरून अनडिप्लॉय केलं तरी तेच. म्हणून आधी टॉमकॅट पूर्ण थांबवायचा, पीएसनं बघायचं की जावाची त्याची प्रोसेस खरंच गेली आहे, मग अपलोडचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं आणि डेटाबेसमधल्या नोंदींशी फायलींची संख्या जुळवायची. त्यानंतरच बाकीच्याला हात लावायचा. कॉन्फमधली टॉमकॅट-यूजर्स फाइल आणि जोडणीची फाइल यांत पासवर्ड असतात, तेव्हा ‘असू दे आठवण म्हणून’ असं करून /ऑप्टमध्ये त्या ठेवायच्या नाहीत. वर्क आणि टेम्प ही तात्पुरत्या फायलींची फोल्डरं खरी पेवं, ती बिनधास्त जाऊ देत.

लॉगचं एक सांगते, कारण यावरून मला हमखास फोन येतात. कॅटालिना.आउट ही टॉमकॅटची लॉग फाइल वाढून वाढून डिस्क भरते, कुणीतरी ती आरएमनं पुसतं आणि डीएफनं मोकळी जागा बघितली तर तेवढीच. फाइलचं नाव गेलं, पण चालू प्रोसेसनं ती अजून धरून ठेवलेली असते, म्हणून जागा मोकळी होत नाही. एलएसओएफ प्लस एल वन मारलं की अशा नाव गेलेल्या पण धरून ठेवलेल्या फायली दिसतात. प्रोसेस थांबली की जागा सुटते. सॉफ्टवेअर काढताना ‘आधी थांबवा, मग पुसा’ हा क्रम पाळला तर हा प्रश्न उभाच राहत नाही.

यानंतर पॅकेजं. एपीटी रिमूव्ह प्रोग्रॅम काढतं आणि /ईटीसीमधल्या सेटिंगच्या फायली ठेवतं. एपीटी पर्ज त्या फायलीही काढतं. रिमूव्ह करून सोडलेली पॅकेजं डीपीकेजी डॅश स्मॉल एलच्या यादीत आरसी अशा खुणेनं दिसतात. कुठल्याही जुन्या सर्व्हरवर ही यादी काढून बघा, कोणकोण येऊन गेलं त्याचा इतिहासच समोर येतो. प्रत्यक्ष काढण्याआधी एपीटी डॅश एस लावून नुसतं वाचून घ्यायचं, काहीही न काढता ते काय काय काढणार हे सांगतं. ही एवढी सवय लागली तरी बरेच घोटाळे टळतील.

मायएसक्यूएल पर्ज करताना स्क्रीनवर प्रश्न येतो की डेटाबेसही काढू का. एपीटीला डॅश वाय दिलं तरी हा प्रश्न येतोच, कारण तो एपीटीचा नसून पॅकेजचा असतो. मी तिथं नेहमी ‘नाही’ म्हणते, बॅकअप तपासलेला असला तरी. डेटा काढायचा तो मालकाच्या होकारानंतर, वेगळ्या वेळी, डोळ्यांसमोर. एंटर दाबता दाबता तो जाऊ नये.

ऑटोरिमूव्हच्या, म्हणजे आता गरज नाही असं एपीटीला वाटतं त्या पॅकेजांच्या, यादीत जावा दिसलं. ते एपीटीच्या टॉमकॅटबरोबर आपोआप आलं होतं, आता टॉमकॅट गेला म्हणजे एपीटीच्या मते त्याची गरज संपली. पण हमालांच्या हजेरीचा प्रोग्रॅम त्याच जावावर चालतो आणि तो हातानं टाकलेला असल्यामुळं एपीटीला त्याचा पत्ताच नाही. एपीटी-मार्क मॅन्युअल म्हणून जावावर खूण केली, की ते त्या यादीतून बाहेर. ऑटोरिमूव्हची यादी न वाचता वाय दाबू नये ते यासाठी.

/ईटीसीमधली फोल्डरं हातानं पुसण्याचा मोह फार जणांना होतो. रिमूव्ह केलं, मग आरएम डॅश आरएफ /ईटीसी/एनजिनएक्स. स्वच्छ वाटतं. पण पुढं कधी एनजिनएक्स परत बसवलं तर सेटिंगच्या फायली येतच नाहीत आणि सर्व्हिस सुरू होत नाही. डीपीकेजीच्या दृष्टीनं पॅकेज अजून आरसी अवस्थेत आहे आणि तुम्ही फाइल पुसली हा तुमचा निर्णय आहे, तो ते मोडत नाही. मग लोक तीनतीनदा बसवतात, काढतात, मशीनला दोष देतात. उपाय साधा: आधी नीट पर्ज करा, मग बसवा. किंवा डीपीकेजीला फोर्स-कॉन्फमिस सांगा. शिस्तीत पर्ज केलं असतं तर मुळात वेळच आली नसती.

पर्जलाही न दिसणारी एक जागा म्हणजे सिस्टिमडीचे (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचे) ओव्हरराइड, म्हणजे वरून घातलेली सेटिंग. सिस्टिमसीटीएल एडिट करून कुणी मायएसक्यूएलची मर्यादा वाढवली असेल तर /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिमखाली मायएसक्यूएल.सर्व्हिस.डी असं फोल्डर तयार होतं. ते पॅकेजचं नाही, म्हणून पर्जनंतरही राहतं. उद्या त्याच नावाची सर्व्हिस परत बसवली की जुनी सेटिंग गुपचूप लागू होतात. /ऑप्टमधल्या टॉमकॅटची युनिट फाइल हातानं लिहिलेली होती. तिच्यासाठी क्रम असा: थांबवा, डिसेबल करा, मग फाइल पुसा, मग डीमन-रीलोड आणि शेवटी रीसेट-फेल्ड. डिसेबल करायच्या आधी फाइल पुसली तर लटकते दुवे मागे राहतात.

पोस्टग्रेसला स्वतःची रीत आहे. डेबियन-उबुंटूवर पीजी-एलएसक्लस्टर्सनं क्लस्टरची (एकत्र चालणाऱ्या डेटाबेसच्या संचाची) यादी बघायची आणि पीजी-ड्रॉपक्लस्टरनं, आवृत्ती आणि नाव देऊन, तो काढायचा. हे पॅकेज काढायच्या आधी करावं. जुन्या क्लस्टरची सेटिंग राहिली तर पुढं नवी आवृत्ती बसवल्यावर तिला ५४३२ न मिळता ५४३३ मिळतो, आणि ‘डेटाबेस लागत नाही’ म्हणून दुसऱ्याच ठिकाणी शोधाशोध सुरू होते. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवायची सोय) कुणाकडं असेल तर तेही इथंच सांगते: डॉकर-सीई हे पॅकेज पर्ज केलं तरी /व्हार/लिब/डॉकर राहतं आणि व्हॉल्यूम, म्हणजे डेटाचे साठे, सहसा त्याच्यातच असतात. आधी बघा, मग पुसा.

आता यूजर. मायएसक्यूएल, टॉमकॅट यांचे मशीनवर स्वतःचे यूजर असतात आणि बऱ्याचदा पॅकेज गेलं तरी यूजर राहतो. मुलं विचारतात, राहिला तर राहिला, काढून टाकायला काय हरकत? हरकत अशी की फाइलवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. यूजर काढला आणि त्याच्या फायली कुठंतरी राहिल्या, तर त्या बेवारस नंबरच्या होतात. पुढं नवी सर्व्हिस बसवली आणि तिच्या यूजरला नेमका तोच मोकळा नंबर मिळाला, की शेतकऱ्यांच्या पासबुकांचे स्कॅन त्या नव्या सर्व्हिसच्या मालकीचे झाले. म्हणून आधी फाइंडनं त्या यूजरच्या सगळ्या फायली शोधायच्या, त्यांची विल्हेवाट लावायची, आणि मगच यूजर काढायचा. शेवटी फाइंडला नोयूजर आणि नोग्रुप देऊन सगळ्या डिस्क बघायच्या. खात्री नसेल तर यूजर राहू द्या, लॉगिन बंद असलेला यूजर कुणाला त्रास देत नाही.

मशीनच्या बाहेर पसरलेलं सगळ्यात जास्त विसरलं जातं. पेढीच्या सबडोमेनसाठी (वेब पत्त्यासाठी) लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट होतं. ते ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करत राहतो. एनजिनएक्स काढलं आणि सर्टबॉट विसरला तर तो रोज प्रयत्न करत आणि फसत राहणार, आणि खाजगी किल्ली /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्टमध्ये पडून राहणार. सर्टबॉट डिलीट करून सर्टिफिकेट नावानं काढलं, मग सर्टबॉट. यूएफडब्ल्यूमधले, म्हणजे मशीनच्या फायरवॉलमधले, ८०, ४४३ आणि ८०८०चे नियम काढले. राउटरवर ४४३ या मशीनकडं वळवलेलं होतं, तेही बंद केलं. डोमेनच्या डीएनएसमधली (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी) नोंद शेठच्या पुतण्याच्या लॉगिनमध्ये होती, तो पुण्याला असतो. त्याला फोनवर बसवून ती काढून घेतली. पत्ता चालू आणि मागं कुणीच नाही, अशी नोंद ठेवू नये. उद्या तो आयपी दुसऱ्याला मिळाला तर पेढीच्या नावानं भलताच माणूस बोलू लागेल.

हे सगळं लिनक्सचं. आमच्याकडच्या पतसंस्था आणि दवाखान्यांत मात्र विंडोज जास्त. तासगाव बाजूच्या एका पतसंस्थेत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस काढलं होतं, कंट्रोल पॅनेलमधून, रीतसर. प्रोग्रॅम गेला, पण प्रोग्रॅम फाइल्सच्या आत डेटा फोल्डरमध्ये सभासदांचा डेटा असलेल्या एमडीएफ आणि एलडीएफ फायली जशाच्या तशा. इथंही सॉफ्टवेअरनं योग्यच केलं, सभासदांची खाती त्यानं आपणहून पुसायला नकोच होती. पण कपाट उघडं आहे हे कुणाला तरी कळायला हवं होतं. एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं करणारा भाग) नसतो, त्यामुळं रोजचा बॅकअप टास्क शेड्यूलरमधून एका बॅच फाइलनं चालायचा. ते टास्क अजून रोज रात्री उठत होतं आणि फसत होतं. बॅच फाइलमध्ये एसएचा, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य यूजरचा, पासवर्ड होता, आणि तोच पासवर्ड नव्या सर्व्हरला दिलेला. तो त्याच दिवशी बदलायला लावला. सर्व्हिस काढताना ‘मार्क्ड फॉर डिलीशन’ असं येऊन अडकलं तर आधी सर्व्हिसेसची खिडकी बंद करा, बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतं.

तिथली आणखी एक गोष्ट मनात राहिली. सभासदांची नावं युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेली. डेटाबेस उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, तो विशिष्ट फॉन्ट लावला तरच ‘पाटील’ आणि ‘माने’ वाचता येतात. जुना प्रोग्रॅम काढताना फॉन्टही गेला असता तर डेटा हातात असून वाचता आला नसता. म्हणून डंपबरोबर फॉन्टची फाइल ठेवली आणि नावांचा एक तक्ता युनिकोडमध्ये बदलून, दहा-वीस पासबुकांशी ताडून, सोबत जोडला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या संस्थेचं सॉफ्टवेअर काढताना हे आधी तपासा. आपल्या लोकांची नावं वाचता न येणं मला फार लागतं.

पेढीच्या डेटाकडं परत येते. तो ठेवायचा किती? जीएसटीच्या कायद्यानं हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात, आणि वाद चालू असेल तर त्याहून जास्त. त्यामुळं पावत्या ठेवायच्या, यात चर्चा नाही. आधार आणि पासबुकाच्या स्कॅनचं वेगळं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ची दिशा अशी आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्यानं ठेवायची गरज नसेल, तर ती पुसावी. कायद्याचं सोडा, ज्या शेतकऱ्यानं पट्टीचे पैसे खात्यावर यावेत म्हणून पासबुक दिलं, त्यानं ते जुन्या हार्डडिस्कवर कायमचं पडून राहावं म्हणून दिलं नव्हतं. शेठ, दिवाणजी आणि पेढीचे सीए असे बसून ठरलं: पावत्या ठेवायच्या, चालू शेतकऱ्यांचे स्कॅन नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचे, बाकीचे पुसायचे. शेठनी एका कागदावर लिहून सही केली. मी सहीशिवाय डेटा पुसत नाही.

ठेवायचा डंप जीपीजीनं कुलूपबंद केला, पासवर्ड पाकिटात घालून शेठच्या तिजोरीत. प्रती दोन. शेठ म्हणाले एक घरी ठेवतो, पण त्यांचं घर गावभागात, कृष्णेच्या अंगाला, २०१९च्या पुरात तिथं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा दुसरी प्रत विश्रामबागेत त्यांच्या भावाकडं.

पुसण्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट. श्रेड कमांड फाइल जागच्या जागी वरून लिहून पुसते, जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर त्याचा उपयोग होतो. एसएसडीवर भरवसा धरू नये, कारण आतला कंट्रोलर नवं लिखाण दुसऱ्याच जागी टाकतो आणि जुनं तसंच राहू शकतं. एसएसडी विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर अख्ख्या डिस्कचं सिक्युअर इरेज करा. इथली दुसरी डिस्क फिरती होती आणि तिच्यावर बाकी काही नव्हतं, म्हणून ती पूर्ण पुसून घेतली.

शेवटी मशीन रीस्टार्ट केलं. रीस्टार्टशिवाय हे काम पूर्ण धरू नये, कारण अडकून बसलेल्या गोष्टी बूट होतानाच तोंड वर काढतात. सिस्टिमसीटीएलची फेल्डची यादी रिकामी, एसएसमध्ये फक्त एसएसएच, सांबा आणि हजेरीचा पोर्ट, डीपीकेजीत आरसी एकही नाही, नोयूजरच्या शोधात काही नाही. सकाळी हमालांचे अंगठे नीट लागले. काय काढलं, काय ठेवलं, कुठं ठेवलं आणि पावत्यांची मुदत कुठल्या वर्षी संपते, हे एका पानावर मराठीत लिहून दिवाणजींकडं दिलं. ते पान त्यांनी पट्ट्यांच्या रजिस्टरला टाचलं आणि म्हणाले, “मुदत संपली की फोन करतो ताई, पुसायला या.”